जड अंगाचे गिऱ्हाईक, कुशीवरची झोप आणि लॅटेक्सचे थर

आपल्या भागात गादीचा धंदा म्हटला की पिंजारी, नदाफ, मन्सुरी ही नावे आधी आठवतात. नद्दाफ हा अरबी शब्दच मुळात कापूस पिंजणाऱ्यासाठी आहे. हल्लाज या शब्दाचा अर्थही तोच, आणि मन्सुरी हे नाव बगदादच्या मन्सूर हल्लाजशी जोडले जाते. कमान, तात आणि लाकडी मुठा घेऊन दारोदार फिरणारा पिंजारी आता क्वचितच दिसतो. पिंजणाची यंत्रे आली, तेव्हा पहिला धक्का बसला. मग रबर फवारलेल्या काथ्याच्या गाद्या आल्या, त्यांच्यामागून फोम आला, आणि गेल्या काही वर्षांत खोक्यात गुंडाळून घरपोच येणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांच्या गाद्या. शंभर रात्री झोपून पाहा, नाही पटली तर परत घेऊ, अशी त्यांची जाहिरात असते. शिरूर आणि दौंडच्या गादीवाल्याने या जाहिरातीपुढे उभे कसे राहायचे?

या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. आम्ही इथे एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकाविषयी बोलणार आहोत. नव्वद किलोच्या पुढे वजन असलेला आणि कुशीवर झोपणारा माणूस. सर्वांना चालेल अशी एकच गादी बनवणारी कंपनी बहुधा याच गिऱ्हाइकापाशी अडते. जाणत्या कारागिराला मात्र हे गिऱ्हाईक जपून धरता येते, कारण त्याला लागते ते मापून, बेतून दिलेले काम.

असा माणूस दुर्मीळ आहे असे समजू नये. घोड आणि भीमा नदीकाठचा ऊस बागायतदार, रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत खुर्चीवर बसून काम करणारा नोकरदार, पुणे-नगर आणि सोलापूर रस्त्यावर ट्रक चालवणारा, दौंडचा रेल्वेतला किंवा राज्य राखीव दलातून निवृत्त झालेला गडी, यांतली कितीतरी माणसे शंभरीच्या आसपास भरतात. त्यांतल्या घोरणाऱ्यांना डॉक्टर उताणे न झोपता कुशीवर झोपायला सांगतात. आपल्या घरांत तर उजव्या कुशीवर झोपण्याची सवय लहानपणापासून लावली जाते.

कडक द्या म्हणणारे गिऱ्हाईक

असा माणूस दुकानात येतो आणि पहिले वाक्य ठरलेले असते. "चाचा, माझं वजन जास्त आहे, एकदम कडक गादी द्या. नरम लगेच बसेल." गादीवालाही मान डोलावतो, कारण कापसाच्या गादीचा त्याचा अनुभव तसाच असतो. कापूस दबतो, खड्डा पडतो, म्हणून ठासून भरलेली गादी चांगली. हा हिशेब कापसापुरता ठीक आहे. माणसाच्या हाडांचा हिशेब वेगळा आहे.

उताण्या माणसाचे वजन पाठ, कुल्ले, मांड्या असे पसरून टेकते. तोच माणूस कुशीवर झाला की जवळजवळ सगळा भार खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी येतो, आणि कमरेखाली पोकळी राहते. गादी कडक असली तर खांदा आत जात नाही. हात बधिर होतो, मुंग्या येतात, खुब्याचे हाड दुखते आणि माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. उलट गादी नुसतीच नरम असली तर खुबा खोल जातो, कणा झोळीसारखा वाकतो आणि सकाळी कंबर धरते. खांदा-खुबा हवे तेवढेच आत जावेत, कमरेला खालून आधार मिळावा आणि पाठीमागून पाहिले तर मानेपासून माकडहाडापर्यंत कणा सरळ रेषेत दिसावा. कुशीवर झोपणाऱ्याची गादी ती हीच.

कंबरदुखीला फळीसारखी गादीच बरी, ही समजूत डॉक्टरांतही बरीच वर्षे होती. स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ माणसांवर ९० दिवस प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. कडक गादीवाल्यांपेक्षा मध्यम-कडक गादीवाल्यांना अधिक आराम पडला होता. गिऱ्हाईक हट्टाला पेटले तर एवढे सांगायला हरकत नाही. मात्र दुखणे जुने असेल, रात्री श्वास अडकत असेल, तर गादीने बरे होईल असे गादीवाल्याने कधीही म्हणू नये. त्याला डॉक्टरकडेच पाठवावे.

लॅटेक्सच का

लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. आपल्या देशात तो मुख्यतः केरळातून येतो. सिंधुदुर्गात दोडामार्गाकडेही आता रबराच्या बागा आहेत. झाडाच्या सालीला चीर देऊन मिळालेल्या चिकात निव्वळ रबर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते. यंत्रात फिरवून ते ६० टक्क्यांपर्यंत आणतात, फेसाळतात, साच्यात ओततात आणि वाफेवर पक्के करतात. ही रीत १९२९ साली इंग्लंडमध्ये डनलॉप कंपनीने काढली, म्हणून तिला डनलॉप पद्धत म्हणतात. दुसरी तलालय पद्धत. तीत साच्यातली हवा ओढून फेस फुगवतात, गोठवतात आणि मग शिजवतात. तिचा माल हलका आणि एकसारखा असतो, पण तो परदेशी आणि महाग. आपल्या बाजारात येणारा माल बहुतेक डनलॉप पद्धतीचाच असतो. जाड माणसासाठी तो वाईट नाही. आमच्या मते खालच्या थरांना तर तोच बरा, कारण तो भरीव असतो.

जड माणसाला लॅटेक्स का, याचे खरे कारण त्याच्या दाब सोसण्यात आहे. साधा फोम थोडा दाबायला जेवढा जोर लागतो, त्याच्या दुप्पट जोरात तो जवळजवळ पुरता दबून जातो. लॅटेक्सला तिथवर दाबायला साधारण तिप्पट जोर लागतो. म्हणजे वर हात ठेवला तर मऊ, आणि जसजसे वजन पडेल तसतसा तो उलट धरतो. साठ किलोच्या माणसाला हा फरक फारसा कळत नाही. एकशेदहा किलोच्या माणसाला पहिल्याच रात्री कळतो. फोमची हलकी गादी त्याच्याखाली वर्ष-दोन वर्षांत खड्डा धरते आणि तो पुन्हा दुकानात येतो, बहुधा भांडायला.

नरम-कडकाचे माप

कारखानदार लॅटेक्स दोन आकड्यांत सांगतात. एक घनता, म्हणजे एका घनमीटरला किती किलो. दुसरा आय.एल.डी. म्हणून ओळखला जाणारा आकडा. ५० चौरस इंचांची गोल थाळी शीटवर ठेवून जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतके ते दाबायला किती पौंड वजन लागले, तो हा आकडा. ४ इंची शीट १ इंच दबायला २० पौंड, म्हणजे सुमारे ९ किलो लागले तर आय.एल.डी. २०. साधारण विशीच्या आतले नरम, बावीस ते अठ्ठावीस मध्यम, तीस ते छत्तीस कडक आणि त्याच्या वर फारच कडक, असे धरतात.

आपल्याकडचे व्यापारी मात्र घनतेवरच बोलतात. डनलॉप लॅटेक्समध्ये ते चालून जाते, कारण घनता वाढली की कडकपणाही वाढतो. मोघम हिशेब असा की ६५ची घनता नरम, ७५ ते ८० मध्यम, ८५ ते ९५ कडक. फोमचे तसे नसते. तिथे घनता वेगळी आणि कडकपणा वेगळा, ४० घनतेचा फोम नरमही मिळतो आणि कडकही. फोमच्या सवयीने लॅटेक्स घेणारे आणि लॅटेक्सच्या सवयीने फोम घेणारे, दोघेही इथेच फसतात. शिवाय एका कारखान्याचा ७५ दुसऱ्याच्या ७५सारखा लागेलच असे नाही. माल एकाच ठिकाणाहून घ्यावा आणि हाताची ओळख त्याच मालावर बसवावी.

थर लावण्याची रीत

मुख्य गोष्ट ही आहे, आणि इथेच घाई होते. गिऱ्हाईक जड म्हटले की गादीवाला ६ इंची एकच कडक शीट देतो. किंवा कुणी सांगितलेले ऐकून खाली ४ इंच कडक आणि वर २ इंच अगदी नरम असे लावतो. दुसरी जोडणी साठ-पासष्ट किलोच्या माणसाला उत्तम. त्याचा खांदा दीड-दोन इंच आत जातो आणि तिथेच थांबतो. एकशेपाच किलोचा माणूस मात्र ते २ इंच पार चेपून टाकतो आणि त्याचा खांदा खालच्या कडक थरावर आदळतो. सकाळी तो सांगतो, गादी कडक आहे. गादीवाल्याला नवल वाटते, तो वरचा थर आणखी नरम आणून देतो. तो पहिल्यापेक्षाही लवकर चेपतो. तक्रार वाढते, पैसे अडकतात आणि लॅटेक्सच वाईट असे दोघे मिळून ठरवतात.

जड माणसाला वरचा थर हलक्या माणसापेक्षा जाड लागतो आणि एक पायरी कमी नरम लागतो. जाडी आणि नरमपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खांद्याला आत जायला जागा हवी, ती जाडीतून मिळते. तळ लागू नये, त्यासाठी थोडा ताठपणा हवा.

नव्वद ते एकशेदहा किलोच्या, कुशीवर झोपणाऱ्या माणसासाठी एकूण ९ इंच धरावे. तळाला ३ इंच ९०च्या घनतेचे, मध्ये ३ इंच ८०चे, वर ३ इंच ७०च्या आसपासचे. मधला थर पैसे वाचवण्यासाठी गाळू नये. वरून आलेला खुबा तोच हळूहळू अडवतो. तो नसला तर नरमावरून एकदम कडकावर गेल्याचा धक्का बसतो. वजन एकशेदहाच्या पुढे असेल तर १० इंचांवर जावे, पण वाढवलेला इंच मधल्या थरात घालावा. वरचा नरम थर ३ इंचांपेक्षा जाड केला तर खुबा त्यातच रुतून बसतो आणि कूस बदलायला माणसाला कष्ट पडतात. वयस्कर माणसाला तर उठणेच कठीण होते.

अंगाची ठेवणही पाहावी. रुंद खांद्याचा, मजूर बांध्याचा गडी आणि पोट-कुल्ल्यांत वजन असलेली बाई, दोघांचे वजन काट्यावर सारखे भरले तरी गादी सारखी बसत नाही. पहिल्याला वरचा थर नरम हवा, खांद्यासाठी. दुसरीला मधला थर कडक हवा, म्हणजे खुबा खाली जाणार नाही. आपल्या कारागिराच्या हाताला इथे मोठा वाव आहे. मधले शीट आडवे कापून तीन तुकडे करता येतात. खांद्याखाली ७०-७५चा, खुब्याखाली ९०चा, पायाखाली पुन्हा ८०चा. तुकडे कडेला कड भिडवून ठेवावेत, वरचा आणि खालचा थर अखंड असावा, म्हणजे सांधा अंगाला लागत नाही. खांदा आणि खुबा कुठे येतो ते गिऱ्हाइकाला झोपवून खडूने खूण करून घ्यावे. कापायला लांब, पातळ आणि धारदार पाते लागते. बोथट पात्याने लॅटेक्स फाटते आणि कड वाकडी येते.

थर एकमेकांना चिकटवावेत का, असे विचारले जाते. आमचे म्हणणे, चिकटवू नयेत. चेनच्या खोळीत मोकळे ठेवले तरी रबर रबराला धरून राहते, सरकत नाही. मोकळे असले की महिन्याभराने वरचा थर बदलता येतो, मधला आणि खालचा आलटून पालटून पाहता येतो. कारखान्यातून चिकटवून आलेल्या गादीला हे करता येत नाही. एकदा पसंत पडली नाही की ती सगळीच परत करावी लागते. शिवाय ७८ बाय ७२ची ९ इंची गादी एकसंध घेतली तर ती ६५ किलोंच्या पुढे भरते. ती जिन्यावरून चढवताना कारागिराचीच कंबर जायची. मोकळे थर एकेक करून वर नेता येतात.

ज्याच्या खिशाला ९ इंच लॅटेक्स परवडत नाही, त्याला काय द्यावे? तळाला चांगल्या प्रतीचा रबरी काथ्या ४ इंच आणि वर लॅटेक्स ५ इंच, खाली २ इंच ८५चे आणि वर ३ इंच ७०चे. हे बरे काम देते. काथ्या जड माणसाखाली काही वर्षांनी बसतो, हे आधीच सांगावे. तेव्हा फक्त काथ्या बदलता येतो, लॅटेक्स तेच राहते. कापसाची जुनी गादी तळाला घालून वर लॅटेक्स टाकायचा विचारही लोक करतात. कापूस नव्याने पिंजून, जवळजवळ टाके घालून, अगदी सपाट केला असेल तर चालेल. खड्डे पडलेल्या गादीवर टाकले तर लॅटेक्स इमानदारीने त्याच खड्ड्याचा आकार घेते.

ठासून भरायची सवय

जुन्या कारागिराला ही गोष्ट पटायला वेळ लागतो. कापसाच्या गादीची खोळ जेवढी ताणून शिवावी तेवढी ती देखणी दिसते. लॅटेक्सवर तशी ताठ खोळ घातली, त्यातही जाड पट्ट्याचे कापड वापरले, तर ती ढोलाच्या कातड्यासारखी होते. खांद्याखालचे कापड आत जातच नाही, आणि आत हजारोंचे नरम शीट असून माणूस कापडावर झोपतो. खोळीला होजिअरीसारखे ताणले जाणारे कापड घ्यावे आणि माप लांबी-रुंदीला बरोबर ठेवावे, कमी नाही. वर कापसाची शिवण-भरण द्यायची हौस असेल तर ती पातळ असावी. गिऱ्हाइकाने स्वतः घरी त्यावर जाड गोधडी अंथरली की काम बिघडतेच. त्यालाही ते सांगावे लागते.

तपासून घेणे

लॅटेक्सच्या नावाखाली काहीही खपवले जाते. पिवळसर रंग दिलेला फोम असतो, वर एक इंच लॅटेक्स आणि आत फोम असतो, आणि खडू-मातीची भर घालून जड केलेले लॅटेक्सही असते. पहिल्या दोन फसवणुकी काट्यावर उघड होतात. लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणाकार करा, त्याला ६१,०२४ने भागा म्हणजे घनमीटर निघाले, त्याला घनतेने गुणा. ७२ बाय ३६ बाय ६ इंचांची ८०च्या घनतेची गादी २० किलोंच्या थोडी वर भरली पाहिजे. सोपे लक्षात ठेवायचे तर एकेरी गादीच्या दर इंचाला सुमारे ३ किलो ४०० ग्रॅम. पिनांच्या छिद्रांमुळे थोडा फरक पडतो, पण तीच गादी ८-१० किलोच भरली तर ती लॅटेक्सची नाही.

भर घातलेला माल काट्यावर पास होतो, तो हाताने ओळखावा. कोपरा बोटांत चोळला की भुकटी सुटते, मुठीत दाबून सोडले की तो सुस्तपणे वर येतो. चांगले लॅटेक्स ताबडतोब उसळते. व्यापाऱ्याने तुकडा कापून बघू दिला नाही, तर तिथून माल घेऊ नये.

गिऱ्हाइकाला झोपवून पाहणे

दुकानात हाताने दाबून गादी पसंत करणे हे चुलीवर न ठेवता तवा पारखण्यासारखे आहे. एक फळीचा पलंग आणि तिन्ही घनतेची ३-३ इंची शीटे दुकानात हवीत. "पाटील, एका कुशीवर व्हा आणि पंधरा मिनिटं पडून राहा, चहा येतोय," एवढे म्हटले की कोणी नाही म्हणत नाही. मागून पाहावे, लांब पट्टी किंवा ताणलेली दोरी पाठीजवळ धरावी. कंबर खाली झुकली असेल तर मधला थर कडक करावा. खांदा वर राहून मान खाली पडत असेल तर वरचा थर जाड किंवा नरम करावा. कमरेखाली हात घालून पाहावा. हात सहज आरपार जात असेल तर आधार कमी आहे, अजिबात शिरत नसेल तर अंग फार रुतले आहे. बाई गिऱ्हाईक असेल तर हे काम तिच्या घरच्या बाईकडून करून घ्यावे, आपण लांब उभे राहून विचारावे.

उशीचाही हिशेब याच वेळी करावा. उताण्या माणसाची उशी कुशीवरच्याला पुरत नाही. खांद्याच्या टोकापासून मानेपर्यंतचे अंतर, वजा खांदा गादीत जेवढा गेला ते, एवढी उंची हवी. रुंद खांद्याच्या माणसाला ती दबल्यावर चार-पाच इंच भरते. कितीतरी गाद्यांच्या तक्रारी मुळात उशीच्या असतात.

नवरा एकशेपाच किलोचा आणि बायको अठ्ठावन्न किलोची, असा पलंग नेहमीचा. ७२ इंच रुंदीत ३६-३६ इंचांचे दोन वेगळे ढीग एका खोळीत घालावेत. त्याच्या बाजूला वर सांगितलेले थर. तिच्या बाजूला उंची तेवढीच ठेवून खाली ६ इंच ८०चे आणि वर ३ इंच ६५चे. मधली फट लागते अशी कुरकुर असेल तर दोन्हींवर मिळून १ इंची अखंड नरम शीट पसरावे आणि त्याच्या बाजूचा वरचा थर तेवढ्या बेताने किंचित ताठ घ्यावा.

ऊन, तेल आणि पलंग

शिरूर आणि दौंड हा पर्जन्यछायेतला, कडक उन्हाचा मुलूख. उन्हाळ्यात गाद्या गच्चीवर टाकण्याची पद्धत घरोघर आहे. कापसाला ऊन म्हणजे औषध. लॅटेक्स मात्र उन्हात पिवळे पडते, कडक होते आणि तुकडे पडू लागतात. विकताना हे तोंडी सांगून भागत नाही, खोळीवरच चिठ्ठी शिवावी. उघड्या टेम्पोतून दुपारी माल नेतानाही झाकूनच न्यावा. हवा द्यायची असेल तर सावलीत, खिडकीपाशी. तेलानेही रबर खराब होते, म्हणून डोक्याला तेल लावणाऱ्याला जाड उशीचे आणि गादीचे धुता येणारे आवरण घ्यायला सांगावे. पलंगाच्या प्लायवूडला छिद्रे असावीत, पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांत ३ इंचांपेक्षा जास्त फट नसावी. नाहीतर जड माणसाखाली शीट फटीत उतरते. ज्याला रबराची ॲलर्जी आहे, त्याला ही गादी देऊच नये. विचारून घ्यावे.

बिलावर नुसते "लॅटेक्स गादी १ नग" लिहू नये. प्रत्येक थराची जाडी, घनता आणि एकूण वजन लिहावे, आणि कोणता थर किती दिवसांत बदलून मिळेल तेही. आमच्या मते पहिल्या महिन्यात वरचा थर एकदा बदलून द्यायची बोली करावी. पंधरा दिवसांनी फोन करून विचारावे. खांदा, खुबा किंवा हात दुखतो म्हणाला तर वरचा थर चुकला. कंबर सकाळी धरते आणि चालले की सुटते म्हणाला तर मधला चुकला. तो दुसऱ्या शीटशी बदलावा किंवा खुब्याखालचा तुकडा कडक करावा.

परत आलेले शीट नवे म्हणून विकता येत नाही, आणि विकू नये. पण ते वाया जात नाही. ७२ बाय ३६च्या ३ इंची शीटमधून २४ बाय १८च्या ६ उशा बरोबर निघतात. ३ इंच उंची रुंद खांद्याच्या माणसाला कमी पडते, तेव्हा तुकड्याभोवती ताजा पिंजलेला सावरीचा कापूस भरून ती ५ इंचांपर्यंत न्यावी. वापरलेल्या शीटची उशी म्हणून सांगून, त्या भावाने ती द्यावी.